हॅकिंगवर पुस्तकं लिहिणाऱ्या बाईंची फिर्याद

ती फिर्याद आजही जशीच्या तशी आठवते, आणि खरं सांगायचं तर आठवली की आधी हसू येतं. पोलिसाच्या नोकरीत हसू आणणाऱ्या केसेस थोड्याच येतात, आणि ज्या येतात त्या सांगायच्या राहून जातात, कारण लोकांना आमच्याकडून खून आणि दरोडेच ऐकायचे असतात. म्हणून ही लिहून ठेवतो. नाव कुणाचंच देत नाही. पेठांचीही नावं देत नाही, कारण मला अजून रोज सकाळी याच गावात भाजी आणायला जायचं असतं.

निवृत्ती जवळ आली होती आणि कोल्हापुरात सायबर पोलीस ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. सकाळी ठाणे अंमलदार डायरी उघडून बसला की बाकावर माणसं जमायला लागायची. कुणाचं खातं दुसराच कुणी चालवत असायचा, कुणाला न काढलेल्या तिकिटावर लॉटरी लागलेली असायची. बहुतेकांची सुरुवात ठरलेली असायची, ‘साहेब, मी तसा शिकलेला माणूस हाय.’ मी त्यांना आधी पाणी द्यायला सांगायचो. फसलेला माणूस सुरुवातीला स्वतःचीच वकिली करत असतो. ती संपेपर्यंत कामाची माहिती त्याच्या तोंडून निघत नाही, हे मी अनुभवाने शिकलो होतो.

एका सकाळी त्या बाकावर एक ओळखीच्या बाई दिसल्या. शोधपत्रकार. ऑनलाइन फसवणूक आणि हॅकिंग या विषयांवर त्यांची मराठीत पुस्तकं होती आणि ती खपतही होती. बाई आमच्याकडे नेहमी यायच्या, पण खुर्ची ओढून घेऊन माझ्यासमोर बसायच्या आणि मलाच प्रश्न विचारायच्या. गुन्ह्याचा तपास का रखडला, आरोपपत्र कधी जाणार, अमुक आरोपी सुटला कसा. मला त्यांचा थोडा राग यायचा आणि थोडा धाकही वाटायचा. त्या दिवशी त्या गुमान बाकावर बसून आपला नंबर यायची वाट बघत होत्या. मी आत बोलावलं, पाणी मागवलं.

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे ठेवला. त्यावर एक मेल होता. मी विचारलं, कुणी पाठवला. त्या म्हणाल्या, ‘मी. मलाच.’

प्रकार असा होता. कुणीतरी त्यांच्या ईमेल खात्यात शिरलं होतं आणि त्यांच्याच खात्यावरून त्यांनाच धमक्या पाठवत होतं. नव्या पुस्तकाचं प्रकाशन रद्द करा, नाहीतर तुमच्याकडचे सगळे आवाज गावभर ऐकवू. हे आवाज म्हणजे फसवल्या गेलेल्या लोकांच्या मुलाखती. बाईंनी त्या रेकॉर्ड करून लॅपटॉपवर ठेवल्या होत्या आणि पुस्तकात नावं, गावं बदलून लिहिल्या होत्या. पुरावा म्हणून एका मुलाखतीचा थोडासा तुकडा मेलला जोडलेला होता. तो ऐकला आणि आमचा हवालदार मान खाली घालून बाहेर गेला.

आवाज एका निवृत्त शिक्षिकेचा होता. त्यांना व्हिडिओ कॉलवर खोट्या पोलिसांनी ‘अटक’ केली होती. दार लावून फोनसमोर बसायचं, हलायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. ज्यांनी आयुष्यभर वर्ग गप्प बसवला त्या बाई फोनपुढे हात वर करून विचारत होत्या, ‘सर, पाणी पिऊ का?’ दुपारी एकाएकी नेट गेलं म्हणून त्या वाचल्या. पैसे पाठवायच्या आधीच कॉल तुटला. पण हात वर केल्याची लाज काही जाईना. मुलाखतीत त्या पुढे म्हणत होत्या की हे माझ्या सुनेला कळलं तर मी तिच्या डोळ्याला डोळा देऊ शकणार नाही.

मी नाव विचारलं. बाई म्हणाल्या, सांगणार नाही. गाव? तेही नाही. माझं डोकं तापलं. फिर्याद द्यायला यायचं आणि अर्धी माहिती पदराखाली ठेवायची, हे कुठलं शास्त्र? तसं मी त्यांना स्पष्ट ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘साहेब, पुस्तक राहिलं तरी चालेल. ते मी रद्द करीन. पण प्रकाशन रद्द केल्यावर तो ते आवाज पुसून टाकेल याची खात्री तुम्ही देता का?’

मला देता येईना. असले लोक एकदा वाकवलं की पुन्हा वाकवतात. बाईंनी त्या शिक्षिकेला शब्द दिला होता आणि तो शब्द आता कुणा अनोळखी माणसाच्या खिशात होता. माझा राग तिथेच निवला. मी गुन्हा दाखल करायला सांगितलं आणि मुलाखती नुसत्या क्रमांकाने नोंदवायचं ठरवलं. नावाशिवाय आमचं काही अडणार नव्हतं.

सुरुवातीचे दिवस वाया गेले. आमच्या तांत्रिक कर्मचाऱ्याने बाईंच्या ईमेल खात्याचे दरवाजे बंद केले, पण चोरलेला माल तर चोराकडेच होता. मेल कुठून आले याचा माग काढला तर एक युरोपातून निघालेला, दुसरा सिंगापुरातून, तिसरा आणखी कुठूनतरी. आरोपी रोज नव्या देशात चहा पीत होता. कंपन्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. त्याची उत्तरं कधी येतात हे ज्याला माहीत आहे, त्याला माझी अवस्था कळेल.

मग लॅपटॉपची तपासणी झाली आणि पहिला धागा हाती आला. लॅपटॉपवर विषाणू नव्हता, कुठली फसवी लिंक दाबलेली नव्हती. मुलाखतींचा अख्खा फोल्डर एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतलेला होता. म्हणजे चोर युरोपातही नव्हता आणि सिंगापुरातही नव्हता. तो बाईंच्या घरी, बाईंच्या टेबलाशी, बाईंच्या खुर्चीत बसून गेला होता. तारीख निघाली ती बाई वारणानगरला एका कॉलेजात व्याख्यानाला गेल्या होत्या त्या दुपारची. व्याख्यानाचा विषय मी विचारला. पासवर्ड कुणालाही का देऊ नये, हा विषय होता.

घरी त्या दुपारी फक्त त्यांचे पती होते. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, सरळ गृहस्थ. बाई म्हणाल्या, त्यांना पेनड्राइव्ह कुठे घालतात तेही ठाऊक नाही. घरी कोण पाहुणं आलं होतं का, हे त्यांनी पतीला आधीच विचारलं होतं आणि कोणी नाही असं उत्तर मिळालं होतं.

घटनास्थळाचा पंचनामा करायला मी आणि हवालदार रंकाळ्याजवळच्या त्यांच्या घरी गेलो. पंच आले नव्हते तोवर काकांनी आमच्यापुढे पोहे आणि चहा ठेवला. नको म्हणायची सोय नव्हती. एवढ्या नोकरीत मी एक गोष्ट शिकलो होतो. आमच्या भागात घरी कोण आलं होतं असं विचारून उपयोग नसतो. त्या दिवशी चहा कितीदा टाकला, हे विचारावं लागतं. मी तेच विचारलं.

काकांनी आठवलं. ‘एकदा माझा सकाळचा. मग दुपारी त्या इंटरनेटवाल्याला. मग चार वाजता परत माझा.’

बाईंच्या हातातला चमचा थांबला. त्या म्हणाल्या, ‘अहो, कोण इंटरनेटवाला?’

‘आलता की एक. नेट तपासायला. पुण्याच्या कंपनीचा. तू विचारलंस पावणं कोण आलंतं का. तो कामाला आलता, पावणा न्हवं.’

पाहुणा नव्हता, पण पाहुणचार सगळा झाला होता. उन्हातून आलाय म्हणून आधी ताक, मग चहा, मग जेवूनच जा असा आग्रह. नेटचं यंत्र बाईंच्या टेबलावर होतं म्हणून त्याला तिथेच बसवलं. तो म्हणाला, लॅपटॉप उघडून बघावा लागेल. अडीअडचणीला असावा म्हणून बाईंनी पासवर्ड एकट्या नवऱ्याला सांगून ठेवला होता. काकांनी लॅपटॉप स्वतःच्या हाताने उघडून दिला आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. दारात आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

बाईंनी कुलपांवर पुस्तकं लिहिली होती आणि घरात काकांनी चोराला कुलूप काढून देऊन वर ताक पाजलं होतं. मी बाईंच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. काकांना तोवर उमगलं होतं. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. आणि मग बाई हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्या दिवसापासून मला त्या बाई आवडायला लागल्या.

काकांना त्या माणसाचा चेहरा आठवेना, नाव आठवेना, कपडे आठवेनात. फक्त एक गोष्ट आठवत होती. चहा पिताना फुटबॉलचा विषय निघाला होता.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या गावात कुस्ती आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ आहेत आणि त्यांच्यावरून इथे सख्खे मेहुणे बोलायचे बंद होतात, हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. काका एके काळी आपल्या तालमीचे बचावपटू होते. पूर्वी कधीतरी झालेल्या एका अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी समोरच्या पेठेच्या खेळाडूच्या हाताला चेंडू लागला. पंचाने पेनल्टी दिली आणि काकांची पेठ जिंकली. तो खेळाडू डीच्या, म्हणजे गोलपुढच्या चौकटीच्या, आत होता की बाहेर, हा वाद अजून चालू आहे. मला वाटतं माझ्या नातवंडांच्या काळातही चालू राहील.

काकांनी भिंतीवरच्या संघाच्या फोटोकडे बोट दाखवून त्या पाहुण्याला ती पेनल्टी सांगितली होती. काका म्हणाले, ‘तर तो पठ्ठ्या म्हणतोय, आत न्हवता, एक पाऊल बाहेर होता. लई तावातावानं बोलला. म्हणलं, पुण्याच्या माणसाला आपला फुटबॉल म्हाईत हाय, बरं वाटलं.’

मी आणि हवालदाराने एकमेकांकडे पाहिलं. तो खेळाडू बाहेर होता असं म्हणणारा माणूस जगात एकाच पेठेत सापडतो.

आता बाई कामाला आल्या. पुस्तकातलं एक प्रकरण दुसऱ्यांच्या कागदपत्रांवर सिमकार्डं काढून फसवणाऱ्या टोळ्यांना पुरवणाऱ्या दुकानदारांवर होतं. त्यासाठी बाई ग्राहक बनून शहरातल्या अनेक दुकानांत फिरल्या होत्या. त्यांतलं त्या पेठेतलं दुकान कुठलं, असं मी विचारलं. एकच होतं. मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं. चालवणारा तिशी ओलांडलेला, हुशार, गोड बोलणारा माणूस.

नोटीस देऊन त्याला चौकशीला बोलावलं. आला तो इस्त्रीचा शर्ट घालून, नीट नमस्कार करून बसला. माझ्याकडे संशय होता, पुरावा नव्हता. त्याच्या म्हणण्यानुसार तो बाईंना ओळखत नव्हता, त्यांच्या घरी कधी गेला नव्हता, त्या दुपारी दुकानातच होता. प्रत्येक उत्तर तयार होतं आणि वळणदार होतं. असा आरोपी मला नेहमी अवघड गेला. रडणारा, चिडणारा, पाया पडणारा माणूस कुठूनतरी उघडता येतो. सभ्य माणसाला पकडायला कड नसते.

मी सहज विचारलं, फुटबॉल बघता का. त्याने मान हलवली. ‘न्हाई साहेब. दुकानातनं सवड कुठली.’

त्या पेठेतला माणूस फुटबॉल बघत नाही म्हणतो, तिथेच माझा संशय पक्का झाला. मी फाइल मिटली. त्याच्यापुढे चहा ठेवायला सांगितला आणि हवालदाराशी बोलायला लागलो. हवालदार काकांच्याच पेठेतला. मी म्हटलं, काय हो, त्या सामन्यातली ती पेनल्टी, खरं काय होतं? हवालदाराला एवढंच हवं होतं. त्याने खुर्ची ओढली आणि कुठे कोण उभा होता, पंच कसा धावत आला, सगळं मेजावर पेपरवेट मांडून दाखवायला सुरुवात केली. डीची रेषा म्हणून त्याने माझी पट्टी ठेवली. खेळाडूचा पेपरवेट पट्टीच्या चांगला आत ठेवला.

समोरचा माणूस चहाच्या कपात बघत होता, पण त्याचा पाय हलायला लागला होता. मी मान डोलावत राहिलो. बरोबर आहे म्हणालो, पंचाने योग्यच दिली म्हणालो. त्याने कप खाली ठेवला. मग हवालदाराने आवाज जरा खाली आणून, मोठं गुपित सांगावं तसं सांगितलं की त्या पेठेतल्या जाणत्या लोकांनीही आता मान्य केलंय, आपलाच खेळाडू आत होता.

‘कोण म्हणतंय?’ तो ताडकन उठला. पट्टीच्या आतला पेपरवेट उचलून त्याने बाहेर ठेवला, दणका देऊन. ‘मी गोलमागं बसलोतो साहेब. हितं होता तो, हितं! बाहेर! त्या म्हाताऱ्यालाबी मी हेच सांगितलंतं, तर मलाच शानपन शिकवाय लागला!’

मी विचारलं, ‘कुठल्या म्हाताऱ्याला?’

त्याचा हात पेपरवेटवरच राहिला. मला आठवतं, हवालदार हळूच पट्टी उचलून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवत होता. तो माणूस खाली बसला, डोक्याला हात लावला आणि स्वतःवरच हसला. हसता हसता त्याचं हसू मोडलं.

मग त्याने सगळं सांगितलं. तो काही मोठा हॅकर नव्हता; बाईंच्या ईमेलचा पासवर्ड त्याला लॅपटॉपवरच साठवलेला मिळाला होता. टोळीला सिमकार्डं पुरवता पुरवता मेल परदेशातून आल्यासारखा दाखवण्याइतकी विद्या उचलली होती. दुकानात आलेल्या बाईंना त्याने पुस्तकावरच्या फोटोवरून ओळखलं होतं आणि त्यांच्या घरावर पाळत ठेवली होती. पुस्तकात आपल्या दुकानाचं वर्णन येणार या भीतीने झोप उडाली होती. मी विचारलं, पोलिसांची एवढी भीती होती तर हा धंदा केलास कशाला? तो म्हणाला, ‘पोलिसांची न्हाई साहेब. आई वाचती की पुस्तकं. बाईंची तर सगळी वाचलीत तिनं.’

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे वाचकांना ठाऊक असेल. पण आरोपीने दाखवलेल्या जागेतून मुद्देमाल मिळाला तर तेवढा भाग टिकतो. त्याने दुकानामागच्या खोलीत जुन्या चार्जरच्या खोक्यातून पेनड्राइव्ह काढून दिला. पंचांसमोर जप्त केला, सील केला. त्याने आवाज अजून कुणालाही पाठवले नव्हते, आमच्या तपासणीतही तसंच निघालं. मी फोन करून बाईंना ते सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या की आज रात्री मी जेवेन. मलाही फार बरं वाटलं. निवृत्तीच्या तोंडावर एखादं काम असं सफाईने व्हावं, ही इच्छा प्रत्येक पोलिसाची असते. ती सगळ्यांची पुरी होत नाही.

ओळख परेडला काका आले. सारख्या वयाच्या, सारख्या ठेवणीच्या माणसांची ओळ उभी होती. चेहरा आठवत नाही म्हणणारे काका त्याच्यासमोर बरोबर थांबले. नुसतं बोट दाखवायचं असतं. काकांनी बोट दाखवलं आणि सवयीने विचारलंच, ‘बरं हाय न्हवं, पावणं?’ दंडाधिकारी साहेबांनाही हसू आवरायला तोंड फिरवावं लागलं.

पुस्तक ठरल्या दिवशी प्रसिद्ध झालं. मी साध्या कपड्यांत दुसऱ्या रांगेत बसलो होतो. सभागृह भरलं होतं. बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिल्यांदा स्वतःचीच गोष्ट सांगितली. मी पासवर्डवर व्याख्यान देत होते आणि माझ्या घरी चोराला ताक मिळत होतं. लोक हसून हसून बेजार झाले. काका पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त हसत होते. बाई शेवटी म्हणाल्या, एवढी पुस्तकं लिहून मी फसले, त्यामुळे फसण्यात लाज वाटण्यासारखं काही आहे असं मला आता वाटत नाही. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

मधल्या रांगेतून एक वयस्क बाई उठल्या. इरकली साडी, ताठ मान, हातात तेच पुस्तक. शेजारी त्यांची सून. आवाज ऐकला आणि मी खुर्चीत सरळ झालो. तो आवाज मी ठाण्यात ऐकला होता. कुरुंदवाडहून आलेय म्हणाल्या. अंबाबाईचं दर्शन झाल्यावर सूनच म्हणाली, इथे कार्यक्रम आहे, बघून जाऊ.

‘मला विचारायचं काही नाही. सांगायचंय,’ त्या म्हणाल्या. ‘या पुस्तकात हात वर करून पाणी मागणारी जी बाई आहे ना, ती मी.’

व्यासपीठावरच्या लेखिकाबाई टेबलाला धरून उभ्या होत्या. ज्या नावासाठी त्या पुस्तक रद्द करायला निघाल्या होत्या, ते नाव सांगायला ती बाई स्वतःच उभी राहिली होती. शिक्षिकाबाईंनी सगळं सांगितलं, वर्गात शिकवावं तसं, न अडखळता. फक्त शेवटी आवाज हलला. त्या सुनेकडे न बघता म्हणाल्या की मी हे घरात कुणाला सांगितलं नाही. त्या दुपारी दत्तमहाराजांच्या कृपेने नेट गेलं, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे.

सुनेने त्यांचा पदर हलकेच ओढला. आमच्या सीमेकडच्या गावांत सासूला आत्ती म्हणतात. ती म्हणाली, ‘आत्ती, नेट गेलं न्हवतं. मी वायर काढलीती.’

शिक्षिकाबाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं.

‘दाराबाहेरनं ऐकलं की मी. तुम्ही, सर, पाणी पिऊ का म्हणत होता. तुम्ही कुणाला सर म्हणताय म्हणून कान दिला आणि मग सगळं कळलं. आत आले असते तर तुम्हाला कसंतरी झालं असतं. म्हणून वायर काढली आणि संध्याकाळपर्यंत लावलीच न्हाई.’

‘मग मला बोलली का नाहीस?’

‘तुम्ही बोलला न्हाईसा. म्हणलं, तुम्हाला सांगावंसं वाटलं की सांगाल.’

शिक्षिकाबाईंनी सुनेचा हात हातात घेतला आणि घट्ट धरून खाली बसल्या. सभागृहात टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. मी चारचौघांत डोळे पुसणारा माणूस नाही, पण त्या दिवशी पुसले. शेजारी बसलेला हवालदारही पुसत होता.

एवढी वर्षं मी गुन्हेगारांचा तपास केला, आणि लाज नावाची चीज काय करते हे मला या एका केसने दाखवलं. टोळीने शिक्षिकाबाईंना लाजेच्या जोरावरच कोंडून ठेवलं होतं. आमच्या आरोपीने लाजेचंच हत्यार उचललं, आणि त्याच्या स्वतःच्या गळ्यालाही तेच लागलेलं होतं. ज्यांना कळू नये म्हणून माणूस रात्र रात्र जागतो, त्या घरच्या माणसांना बहुतेकदा ते कधीच कळलेलं असतं. आपल्याला ओशाळं वाटू नये म्हणून ती गप्प असतात, एवढंच.

निवृत्तीनंतर कॉलनीतली माणसं अशा तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात. मी त्यांना ठाण्यात जायला सांगतो, पण त्याआधी घरी सांगायला लावतो. परवा एक गृहस्थ आले. हळू आवाजात सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, ‘तेवढं आमच्या हिला कळू देऊ नका साहेब.’ मी विचारलं, माझ्याकडे या असं तुम्हाला कुणी सांगितलं? ते म्हणाले, ‘हिनंच.’